फ्लिनच्या आईचा नवस

बोंद्रेकाका वांगं खात नाहीत. त्यांना ते आवडत नाही असं अजिबात नाही. कोणाच्या घरी भरीत असलं की ते वाडग्याकडे एकदा बघतात, एक लांब सुस्कारा सोडतात आणि वाडगं शेजारच्याकडे सरकवतात. कारण असं, की अमेरिकेत वूस्टरमध्ये पीएचडी करणाऱ्या एका मुलीच्या आईनं जळगावात बसून नवस बोलला होता, 'पोरीचा प्रबंध पास होऊ दे, पोरगी जन्मभर वांगं सोडेल.' प्रबंध पास झाला. पण पोरगी जळगावची. भरीत सोडायचं म्हणजे माहेर सोडण्यासारखंच. ती बिचारी रडकुंडीला आली, तेव्हा बोंद्रेकाका म्हणाले, "तू खा बेटा. तुझं वांगं मी सोडतो."

दुसऱ्यांचे राहिलेले नवस फेडणं हा बोंद्रेकाकांचा छंद आहे. गुरुवारी ते चहा घेत नाहीत, तो एका सॉफ्टवेअरवाल्याच्या व्हिसासाठी. पेढा सोडलाय एका जुळ्या बाळंतपणासाठी. आणि ही गोष्ट घडली त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहाच्या सुमारास, कोणाच्या तरी सासऱ्याच्या बायपासपायी त्यांनी बटाटाही सोडला होता. "ह्यांच्या ताटात आता फक्त ताटच उरलंय," असं सुमनकाकू म्हणतात.

वूस्टरशेजारच्या श्रूजबरीत आमचं घर त्यांच्या समोर. काका मूळचे भंडारा जिल्ह्यातले, नोकरीसाठी तरुणपणी अमेरिकेत आले ते इथलेच झाले. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी तपासण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाले तरी तपासणी संपली नाही. नवीन मराठी माणूस गावात आला, की त्याच्या खोक्यांच्या चिकटपट्ट्या निघायच्या आत काका दारात हजर. पहिला प्रश्न, "गाव कोणतं?" दुसरा प्रश्न, "निघताना आईनं काही बोलून ठेवलंय का?" काही निघालंच, तर कपाळाला आठी. "म्हणजे ओपन आयटेम आहे बाप्पा! ओपन आयटेम ठेवून माल गेटच्या बाहेर जात नसतो."

मी पुणेकर. त्यामुळे माझा विश्वास कशावरच नाही, स्वतःचं मत सोडून. पण आमचं ग्रीन कार्ड कुठेतरी अडकून पडलं होतं, तेव्हा काकांनी माझ्याकडून वदवून घेतलं की आईनं गावच्या भैरोबाला नारळाचं तोरण बोललं होतं आणि मी ते विसरलो होतो. काका भारतात गेले, भर उन्हात एसटीनं आमच्या गावी गेले, तोरण बांधलं आणि माझ्या आईच्या हातचं जेवून आले. पुढच्याच पंधरवड्यात कार्ड आलं. मी म्हटलं, योगायोग. काका म्हणाले, "योगायोग तर योगायोग. क्लोज झाला ना?"

तर अशा माणसाच्या कुंपणापलीकडे मिस्टर फ्लिन राहत होते.

फ्लिन ऐंशीच्या घरातले. आयर्लंडमधल्या बॅलीद्रुमीन नावाच्या खेड्यात जन्मले, अठराव्या वर्षी बोटीनं अमेरिकेत आले, आयुष्यभर बस चालवली. बायको गेल्यापासून घरात एकटे. फ्लिनचं इंग्रजी काकांना निम्मं कळायचं आणि काकांचं फ्लिनना निम्मं, त्यामुळे दोघांचं फार छान जमलं होतं. रोज संध्याकाळी कुंपणाच्या अलीकडे काका आणि पलीकडे फ्लिन. फ्लिन आपल्या गावाबद्दल बोलायचे आणि काका आपल्या. काय तो किल्ला, काय तो धबधबा, काय ती पवित्र विहीर! ऐकणाऱ्याला वाटावं, जगातली पाच-सहा आश्चर्यं बॅलीद्रुमीनलाच ठेवली आहेत आणि उरलेली भंडाऱ्याला.

एका संध्याकाळी काका झाडांना पाणी घालत होते आणि फ्लिन बोलता बोलता सहज म्हणाले, "मी निघालो त्या सकाळी आई मला विहिरीवर घेऊन गेली. माझ्या जुन्या शर्टाची बाही फाडली आणि तिथल्या झाडाला बांधली. म्हणाली, 'पोरगं सुखरूप पोचू दे, पोटापाण्याला लागू दे, तो परत येऊन अनवाणी विहिरीला फेऱ्या घालेल.'"

"मग?" काकांनी विचारलं.

"मग काय? पोचलो. पोटापाण्यालाही लागलो. जाणं काही झालं नाही. आई गेली. आता हे गुडघे."

काकांच्या हातातली नळी त्यांच्याच चपलेवर वाहत होती, पण त्यांना पत्ता नव्हता. "फ्लिनभाऊ," ते म्हणाले, "युवर मदर्स आयटेम इज ओपन!"

फ्लिन हसले. "सुधाकर, इतक्या वर्षांनी देवसुद्धा विसरला असेल."

"देव विसरला असंन. आई नाही विसरत."

त्यावर फ्लिन हसले नाहीत.

पुढचा आठवडा काकांना चैन नव्हतं. फ्लिनचे गुडघे का दुखतात, याचं निदान त्यांनी एका झटक्यात केलं होतं. ज्या पायांनी फेऱ्या घालायच्या होत्या, ते त्या घातल्याशिवाय कसे बरे होतील? डॉक्टरनं विमानप्रवासाला बंदी केल्यामुळे फ्लिनना नेता येणार नव्हतं. मग उरले कोण? काकूंनी आधीच हात झटकले. "ह्यांच्यासोबत मी इंडियन स्टोअरपर्यंतसुद्धा जात नाही. तिथे कोणाच्या आईनं काय बोललंय ते विचारत बसतात, तोवर माझी कोथिंबीर वाळते."

उरलो आम्ही. मे महिन्यात सुट्टी घेऊन मंजिरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, पॅरिसचा बेत केला होता. काका आमच्या सोफ्यावर येऊन बसले आणि त्यांनी किल्ला, धबधबा आणि विहीर यांचं असं वर्णन केलं, की चहा संपेपर्यंत पॅरिस रद्द झालं. "पॅरिसला काय, सगळेच जातात," असं मंजिरी स्वतःच म्हणाली. या वाक्याची मी पुढे तिला बऱ्याचदा आठवण करून दिली.

निघण्याच्या दिवशी काका नारळ घेऊन कुंपणापाशी गेले. "फ्लिनभाऊ, हात लावा." फ्लिनना काही कळलं नाही, पण त्यांनी टोपी काढली आणि नारळावर हात ठेवला. काका म्हणाले, "झालं. आता मी म्हणजे तुम्हीच."

आयर्लंडमधल्या शॅननच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं काकांची बॅग उघडली. त्यात दोन नारळ, हळदकुंकू, उदबत्तीचा पुडा आणि काकूंनी दिलेला हिरवा खण. बाईच्या नवसाला ओटी हवीच, असं काकूंचं म्हणणं.

"हे काय?"

"कोकोनट. फॉर अ प्रॉमिस."

"तुम्ही कसलं वचन दिलंय?"

"मी नाही. माझ्या शेजाऱ्याच्या आईनं."

"मग दोन कशाला?"

"अमेरिकेतला नारळ आहे साहेब. गॅरंटी नाही."

कस्टमवाल्यानं थोडा वेळ विचार केला आणि बॅग बंद करून दिली. त्या देशाबद्दल माझं मत तिथेच चांगलं झालं.

भाड्याची गाडी गिअरची निघाली. मी पुणं सोडल्यापासून गिअरला हात लावला नव्हता. रस्ता असा, की समोरून मेंढी आली तर कोणी मागे जायचं याची चर्चा करावी लागे. काका शेजारी बसून धीर देत होते, "डाव्या बाजूनं चालवून राहिला ना, मग आपलाच देश समज!" दर वळणावर ते आता किल्ला दिसेल म्हणत. किल्ला दिसला नाही. एक पाटी दिसली, मग एक रस्ता, दोन पब, एक दुकान, एक चर्च, आणि मग परत शेतं लागली. बॅलीद्रुमीन मागे पडलं होतं.

आम्ही गाडी वळवून परत आलो. ज्यांच्या घरी खोल्या घेतल्या होत्या त्या नोराबाई दारात उभ्या होत्या. सत्तरी उलटलेल्या, गालांवर लाली, बोलणं एकसुरी गाण्यासारखं. "तुम्ही पुढे गेलात तेव्हाच मी किटली चढवली," त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा सगळे पुढेच जातात."

किल्ल्याची किल्ली नोराबाईंच्याच स्वयंपाकघरात खिळ्याला होती. किल्ला म्हणजे एका कुरणात उभा असलेला दगडी बुरूज. त्याला दार होतं, छप्पर नव्हतं, आणि आत तीन गाई रवंथ करत होत्या. आम्ही आत गेलो तसं त्यांनी आमच्याकडे 'तिकीट काढलं का' अशा नजरेनं पाहिलं. धबधबा पाहायला गेलो, तर काकांनी तो ओलांडला तरी त्यांना समजलं नाही. मंजिरी चिखलात उभी राहून म्हणाली, "पॅरिस." बस, एवढंच. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो.

काकांवर मात्र काही परिणाम नव्हता. "अगदी सांगितलं तसंच आहे!" ते म्हणत होते. "फक्त थोडं लहान आहे."

संध्याकाळी नोराबाईंनी पबमध्ये पाठवलं, कारण जेवण तिथेच मिळतं. शाकाहारी काय आहे, असं मी विचारलं. उकडलेला बटाटा, भाजलेला बटाटा, कुस्करलेला बटाटा आणि बटाट्याचं सूप. काकांनी हात जोडले. "मी बटाटा सोडलाय."

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं ग्लास खाली ठेवला. "का?" त्यानं अतिशय सहानुभूतीनं विचारलं.

काकांनी त्याला बायपासची गोष्ट सांगितली. मग वांग्याची सांगितली. मग चहाची. मग फ्लिनच्या आईची. ब्रेड, लोणी आणि कोबीवर जेवत त्यांनी ती गोष्ट इतकी रंगवली, की शेवटी सगळा पब खुर्च्या ओढून आमच्या टेबलाभोवती बसला. म्हातारा म्हणाला, "टेकडीवरचे फ्लिन! ती बाई रविवारी चर्चमधून निघाली की रस्त्यावर पोस्टमनची वाट बघत उभी राहायची." "रविवारी पोस्टमन येतो?" काकांनी विचारलं. "नाही येत," म्हातारा म्हणाला. काकांनी पुढचा घास बराच वेळ चावला.

दुसऱ्या सकाळी आम्ही विहिरीवर गेलो, तर तिथे दहा-पंधरा माणसं आधीच जमली होती. विहीर म्हणजे दगडांनी बांधलेला एक छोटा झरा. शेजारी काटेरी झाड, पांढऱ्या फुलांनी लगडलेलं, आणि त्याच्या फांद्यांना बांधलेल्या शेकडो चिंध्या. रुमालाचे तुकडे, रिबिनी, बाळाचा मोजा, कोणाच्या तरी गळ्यातला टाय. मंजिरी म्हणाली, "अय्या, हे तर आपल्याकडच्यासारखंच!" आणि चोवीस तासांत प्रथमच माझ्याकडे पाहून हसली.

काकांनी बूट-मोजे काढले. मे महिना असला तरी चिखल बर्फासारखा होता. नोराबाईंनी त्यांच्या हातात सात खडे दिले. एक फेरी झाली की एक खडा टाकायचा. "उजव्या हातानं," असं त्या सांगणार, तोवर काका निघालेसुद्धा, विहीर उजवीकडे ठेवून. "तुम्हाला दिशा कोणी शिकवली?" त्यांनी विचारलं. काका चालता चालता म्हणाले, "हे काय शिकवायचं असतं?"

फेऱ्या झाल्या. पहिला नारळ फोडला तो सडका निघाला. काकांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा फोडला. तो पांढराशुभ्र निघाला. मग प्रसाद वाटला. पबमधला म्हातारा कवळी सांभाळत खोबरं चघळत होता. त्यानं विचारलं, "याच्यासोबत काय पितात?"

इथवर सगळं उत्तम चाललं होतं. आता काका झाडाकडे वळले आणि त्यांनी एक चिंधी सोडायला घेतली. आपल्याकडे नवस बोलताना गाठ मारतात आणि फेडला की गाठ सोडतात. फ्लिनची बाही साठ वर्षांत कुजून गेली असणार, तेव्हा तिच्या ऐवजी एक जुनीशी बघून त्यांनी सोडली.

नोराबाई किंचाळल्या. जमलेली माणसं दोन पावलं मागे सरली. एकानं कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली.

"ती कधीच काढायची नसते!" नोराबाई म्हणाल्या. "दुखणं चिंधीत बांधलेलं असतं. जो काढेल त्याला ते लागतं. परत बांधा, लवकर!"

काका चिंधी हातात धरून उभे. परत बांधली तर नवस पुन्हा उघडा. नाही बांधली तर कोणाचं तरी दुखणं मोकळं.

"कोणाची असेल ही?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोणाचीही."

आता मात्र काकांचा चेहरा उतरला. दुखणं लागेल याचं त्यांना काही नव्हतं. कोणाचा तरी चालू नवस आपण परस्पर बंद केला, हे त्यांना लागलं. त्यांनी पिशवीतून काकूंचा हिरवा खण काढला आणि त्याच फांदीला, त्याच जागी नीट दोन गाठी मारून बांधला. "ज्याचं कोणाचं असंन, त्याचं चालू राहू दे," ते म्हणाले. चिंधीची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. "आणि हे दुखणं माझ्याकडे. मी पाहून घेतो."

मी त्याचं इंग्रजी करून सांगितलं. मग नोराबाई पुढे आल्या आणि खणाचा काठ बोटांनी सारखा केला.

परतीच्या विमानात काकांचा उजवा गुडघा दुखायला लागला. एवढा आनंदी रुग्ण मी जन्मात पाहिला नाही. "आला!" ते दर अर्ध्या तासानं सांगत. "फ्लिनभाऊचाच आहे. त्याचाही उजवाच!" मी म्हटलं, "काका, तुम्ही बर्फासारख्या चिखलात अनवाणी फिरलात." ते म्हणाले, "तू पुणेकर आहेस, तू असंच म्हणणार." बॉस्टनला कस्टमच्या फॉर्मवर त्यांनी प्रामाणिकपणे 'होली कोकोनट, वन पीस' असं लिहिलं, आणि तो तुकडा बॉस्टनवाल्यानंही सोडला.

त्याच रविवारी सगळे काकांच्या घरामागच्या लाकडी डेकवर जमलो. फ्लिन काठी टेकत आले. काकांनी खोबऱ्याचा तुकडा दोन्ही हातांनी पुढे केला. फ्लिननी टोपी काढली, तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले. काकांनी किल्ल्याचं वर्णन केलं, त्यात गाई नव्हत्या. धबधब्याचं केलं, त्यात तर इतकं पाणी होतं की मंजिरीला ठसका लागला. पबमधल्या म्हाताऱ्यानं पोस्टमनचं सांगितलेलं मात्र काका बोलले नाहीत.

"गुडघे कसे आहेत?" काकांनी शेवटी विचारलं.

"तसेच," फ्लिन म्हणाले. मग काकांना लंगडताना पाहून म्हणाले, "पण तुझ्यासमोर तक्रार करायची आता लाज वाटते." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सुधाकर, तू सगळ्यांच्या आयांचे नवस फेडतोस. तुझ्या आईनं काय बोललं होतं?"

इतकी वर्षं समोर राहून हा प्रश्न मला सुचला नव्हता.

काकांनी उत्तराला इंग्रजीत सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला मराठीवर आले. "तेच तर माहीत नाही ना. नागपूरच्या स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत तिचे ओठ हलून राहिले होते. मी म्हटलं, 'माय, काय पुटपुटून राहिली?' तर म्हणे, 'तू बस, जागा जाईल.' ती गेली तेव्हा मी इथं. पोचलो तोवर तेरवी होऊन गेली. बहिणीला विचारलं, मामीला विचारलं. कोणालाच सांगून गेली नाही. मातामायला बोलली, का महादेवाला, का दर्ग्यातल्या बाबाला." ते गुडघा चोळत होते. "म्हणून मग दिसला की फेडून टाकतो. एवढ्या सगळ्यांत एखादा चुकून तिचाही निघंन."

काकू उठून आत गेल्या. मी फ्लिनना ते इंग्रजीत सांगितलं, जमेल तसं.

फ्लिननी वाकून, मोठ्या कष्टानं, एक बूट काढला. मग दुसरा. मोजे काढून त्यात खोचले, काठी उचलली आणि डेकच्या पायऱ्या उतरून ते काकांच्या परसातल्या मेपलकडे चालू लागले. झाडापाशी पोचल्यावर त्यांनी टोपी काढून छातीशी धरली आणि एक एक पाऊल टाकत फेरी सुरू केली.

बोंद्रेकाका ताडकन उठले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं सोडून कठड्यावरून वाकून ओरडत होते, "उलटे जाऊन राहिलात, फ्लिनभाऊ! राइट साइड! झाड राइट साइडला ठेवा!"

फ्लिन थांबले, वळले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.